ट्रकच्या ब्रेकचा लाल दिवा विझत नाही: हवा खरंच कमी आहे की दिवा खोटा?

ब्रेकचा लाल दिवा चालू राहिला की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा आधी स्विच बदलला जातो, कारण तो स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत बसतो. दिवा तरीही विझला नाही तर कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप), मग ड्रायर (हवेतली ओल काढणारा डबा), मग फूट व्हॉल्व्ह (ब्रेक पेडलचा व्हॉल्व्ह) असं एकेक सामान बदलत जातं. खरं तर पहिल्या अर्ध्या तासात एकच प्रश्न सोडवायचा असतो: टाकीत हवा खरंच कमी आहे, की हवा पुरेशी असून दिवा चुकीचं सांगतोय? याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत दिवा खरा आहे असंच धरून चालायचं.

हा लेख पूर्ण एअर ब्रेक असलेल्या २४ व्होल्टच्या ट्रकसाठी आहे, म्हणजे सहा चाकीपासून ट्रेलर ओढणाऱ्या घोड्यापर्यंत. छोट्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांचं शेवटी थोडक्यात दिलं आहे. नवीन मालक, नवा फिटर किंवा चार-सहा गाड्या सांभाळणारा सुपरवायझर यांपैकी कुणालाही हा क्रम धरून तपासणी करता येईल.

चालत्या गाडीत दिवा लागला तर

बझर वाजला आणि लाल दिवा लागला की पेडल पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते आणि ती भरून निघेलच याची खात्री नसते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावा, गिअर उतरवत वेग कमी करा, इंडिकेटर देऊन डाव्या कडेला घ्या आणि एकाच सलग दाबात थांबा. हवा फारच उतरली तर स्प्रिंग ब्रेक (हवेने मागे धरलेले, हवा गेली की स्प्रिंगने लागणारे पार्किंग ब्रेक) आपोआप लागतात, पण ते हळूहळू घासत लागतात. ‘लागतील तेव्हा लागतील’ म्हणून चालवत राहिलात तर लाइनर जळतात, ड्रम तापतो आणि टायर पेट घेऊ शकतो.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणं, त्यात इंजिनही बंद करणं, हे तर करूच नका. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. न्यूट्रलमध्ये तो फक्त आयडलवर फिरतो, इंजिन ब्रेकिंग मिळत नाही आणि सगळा भार पेडलवर येतो. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतरताना किंवा खंबाटकी, कसारा घाटात अशा गाडीची हवा ऐन गरजेला संपते.

हाताशी काय हवं

- चाकाला लावायला किमान चार लाकडी गुटके किंवा रबरी ओट
- ० ते १६ बारचा हवेचा गेज, होजसकट, आणि टाकीवरच्या टेस्ट पॉइंटला बसणारं कपलिंग (हा पॉइंट बहुतेक ठिकाणी एम १६ आट्यांचा असतो)
- मल्टिमीटर आणि २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- साबणाचं पाणी भरलेली स्प्रे बाटली, टॉर्च, चष्मा
- पान्यांचा सेट, नायलॉन पाइप सरळ कापायचं कटर
- गाडीचं मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम. स्पेअर घेताना चेसिस नंबर सोबत ठेवा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक व्हॉल्व्ह बदललेले असतात
- सर्व्हिस रेकॉर्ड. ड्रायरचं कार्ट्रिज (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा डबा) शेवटचं कधी बदललं, हे त्यात आधी शोधा
- पेडल दाबायला एक माणूस

१. कोणता दिवा लागलाय ते नीट ओळखा

‘ब्रेकचा दिवा’ म्हणून चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात आणि इथेच अर्धा दिवस वाया जातो.

गोलात उद्गारचिन्ह, लाल, सोबत बझर: हवेचा दाब कमी. काही गाड्यांत १ आणि २ असे दोन वेगळे दिवे असतात, पुढच्या आणि मागच्या सर्किटचा (ब्रेकच्या हवेच्या स्वतंत्र लाइनचा) एकेक. गोलात पी: पार्किंग ब्रेक. पिवळा एबीएस: हवेशी संबंध नाही, तो पायरी ८ मध्ये पाहू. लाइनर झिजल्याचा दिवा मोजक्याच गाड्यांत असतो. त्याचं चिन्ह म्हणजे गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेघा.

की ऑन केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून त्यातले काही विझतात, ती तपासणी असते. सकाळी टाक्या रिकाम्या असतील तर हवा भरेपर्यंत काही मिनिटं लाल दिवा चालू राहणं बरोबरच आहे.

२. गाडी जागेवर बांधा

सपाट जागा. किमान दोन चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी ओट. ही पायरी कुणी गाळू नये, कारण पुढच्या तपासणीत हँडब्रेक सोडावा लागणार आहे आणि तेव्हा गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.

आणखी एक गोष्ट फिटरने कायम लक्षात ठेवायची: मागच्या ब्रेक बूस्टरच्या (चाकाजवळचा डबा, एका बाजूला पेडलची हवा, दुसऱ्या बाजूला पार्किंगची स्प्रिंग) स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कधीही उघडायचा नाही. आतली स्प्रिंग माणूस मारण्याइतक्या ताकदीने दाबलेली असते. ती बाजू खराब झाली तर रिलीज बोल्टने स्प्रिंग ओढून बांधायची आणि पूर्ण बूस्टर बदलायचा.

३. मीटरवर नाही, गेजवर विश्वास ठेवा

डॅशबोर्डचा मीटर आणि दिवा हे दोघं एकाच वायरिंगवर किंवा एकाच सेन्सरवर अवलंबून असू शकतात. म्हणून टाकीच्या टेस्ट पॉइंटला स्वतःचा गेज लावा. पुढच्या सर्किटची टाकी वेगळी, मागच्याची वेगळी, दोन्ही मोजा. बार आणि ‘किलो’ यांत फरक नगण्य आहे, आठ किलो म्हणजे आठ बार धरलं तरी चालतं.

इंजिन चालू करून हवा भरू द्या. ड्रायरमधून ‘फुस्स’ असा मोठा आवाज येतो, तो कटऑफ, म्हणजे टाक्या भरल्या की भरणं थांबतं तो दाब. बहुतेक गाड्यांत तो ८ ते १० बारच्या दरम्यान येतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लाल दिवा साधारण साडेचार ते साडेपाच बारच्या वर विझायला हवा.

- दोन्ही गेज ७ च्या वर आणि दिवा तरीही चालू: दोष विजेचा. पायरी ४.
- हवा चढतच नाही किंवा फार हळू चढते: पायरी ५.
- चढते पण टिकत नाही: पायरी ६.

इंजिनला रेस दिल्यावर दिवा विझतो आणि आयडलला पुन्हा लागतो, असं झालं तर कॉम्प्रेसर जितकी हवा देतोय जवळपास तितकीच कुठेतरी गळतेय. आधी पायरी ६ करा, मगच कॉम्प्रेसरला दोष द्या.

४. हवा आहे, दिवा खोटा: स्विच आणि वायर

लो प्रेशर स्विच टाकीवर, प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर (वेगवेगळ्या सर्किटना हवा वाटणारा) किंवा फूट व्हॉल्व्हच्या आसपास असतो. सर्वसाधारण गाडीत हा स्विच हवा नसताना जोडलेला असतो आणि दिव्याच्या वायरला अर्थ देतो, म्हणजे चेसिसशी जोडतो. हवा भरली की तो तुटतो आणि दिवा विझतो. म्हणून वायर चेसिसला घासून सोललेली असली तरी दिवा कायम चालू राहतो.

की ऑन, हवा ७ च्या वर. स्विचचा कपलर काढा.

दिवा विझला तर स्विच आतून चिकटलाय. खात्रीसाठी मल्टिमीटरने पाहा: हवा असताना स्विचच्या टोकांत जोड दिसायला नको, हवा सोडल्यावर दिसायला हवा. एकच वायर असलेल्या स्विचमध्ये दुसरं टोक म्हणजे स्विचची बॉडी.

दिवा विझला नाही तर दुसऱ्या सर्किटचा स्विच पाहा. अनेक गाड्यांत पुढचा आणि मागचा असे दोन स्विच एकाच दिव्याला जोडलेले असतात. दोन्ही काढूनही दिवा चालूच असेल तर वायर कुठेतरी अर्थ होतेय. कॅबिन उचलताना वाकणारा भाग, गिअरबॉक्सवरचा क्लिप आणि चेसिसच्या भोकातून वायर जाते ती जागा, या तीन ठिकाणी आधी पाहा. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी आणि हिरवा गंज सापडतो. नुसतं पुसून भागत नाही, पिन आणि सील दोन्ही बदला.

बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत साधा स्विच नसून प्रेशर सेन्सर असतो आणि तो क्लस्टरला किंवा कंट्रोल युनिटला आकडा पाठवतो. तिथे कपलर काढला की दिवा विझण्याऐवजी नवा फॉल्ट नोंदला जातो. अशा गाडीत गेजचा आकडा आणि स्कॅनरवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करा. फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर.

स्विच बसवताना आट्यांना टेफलॉन टेप लावण्याची सवय वाईट आहे. एका वायरच्या स्विचला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. टेपने तो तुटला की हवा शून्यावर आली तरी दिवा लागत नाही, आणि हा दोष खोट्या दिव्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे. शिवाय टेपचे तुकडे व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतात. स्विचसोबत येणारा वॉशर किंवा ओ-रिंगच वापरा.

५. हवा चढतच नाही

अंदाजासाठी एक माप: इंजिनला चांगली रेस देऊन ६ वरून ७ बारवर यायला पाऊण मिनिटाहून जास्त लागत असेल तर पुरवठ्याच्या बाजूला काहीतरी अडकलंय किंवा गळतंय.

आधी ड्रायरच्या तळाच्या तोंडाशी हात धरा. हवा भरत असताना तिथून सतत हवा येत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (कटऑफला ड्रायरमधली हवा बाहेर सोडणारा) उघडा अडकलाय. कॉम्प्रेसर जे देतो ते तिथूनच बाहेर चाललंय. बहुतेकदा कारण असतं तेल आणि काजळीचा चिकट थर. व्हॉल्व्ह साफ करून किट टाकता येतं, पण तो थर आला कुठून ते शोधल्याशिवाय थांबू नका.

तिथे काहीच येत नसेल तर कॉम्प्रेसरकडे वळा. त्याच्या आत येणाऱ्या हवेचा होज सैल, चेपलेला किंवा आतून सोललेला आहे का? एअर फिल्टर चोक आहे का? नंतर कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा डिलिव्हरी पाइप. इंजिन बंद करा, पाइप थंड होऊ द्या, त्या भागातला दाब सोडा आणि ड्रायरच्या टोकाला पाइप खोला. आतून काळ्या कोळशाच्या थराने तोंड करंगळीही जाणार नाही इतकं बारीक झालेलं दिसलं तर दोष सापडला. सळईने खरवडू नका, सुटलेला कोळसा पुढे ड्रायरमध्ये जातो. पाइप बदला, आणि मूळ व्यासाचाच घ्या.

पाइप मोकळा, फिल्टर साफ, तरी हवा नाही, तेव्हाच कॉम्प्रेसरचं हेड उघडा: रीड व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, रिंगा. टाकीचा ड्रेन ओढल्यावर पाण्यासोबत भरपूर इंजिन ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. अशा वेळी नुसतं कार्ट्रिज बदललं तर नवं कार्ट्रिजही काही दिवसांत तेलाने माखतं. तेल लागलेला दाणा ओल शोषत नाही.

अनलोडरचा (कटऑफ ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू आवळून दाब वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्क्रूने कटऑफचा आकडा बदलतो, कॉम्प्रेसरची ताकद नाही. वर कटऑफ गेला की कॉम्प्रेसर जास्त वेळ लोडवर राहून जास्त तापतो आणि तोच कोळसा पुन्हा साठतो.

६. हवा चढते पण उतरते: गळती शोधणं

या पायरीला वेळ द्या, बहुतेक लाल दिव्यांचं मूळ इथेच निघतं.

कटऑफपर्यंत हवा भरा, इंजिन बंद करा, ओट तपासा, हँडब्रेक सोडा. पेडल मोकळं ठेवून पाच मिनिटं गेज पाहा. साध्या ट्रकमध्ये उतार ०.७ बारच्या आत असावा. मग सोबत्याला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा. पहिली घसरण सोडून द्या, ती बूस्टरमध्ये गेलेली हवा आहे. त्यानंतरच्या पाच मिनिटांत १ बारपेक्षा जास्त उतरलं तर गळती दुरुस्तीलायक आहे. शेवटी हँडब्रेक लावून तसंच पाहा.

कोणत्या स्थितीत हवा उतरते, यावरून जागा कळते.

पेडल दाबल्यावरच गळते: बूस्टरचा डायफ्राम, बूस्टरकडे जाणारे होज किंवा फूट व्हॉल्व्ह. फूट व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून पेडल दाबल्यावर हवा येत असेल तर त्याची एक्झॉस्ट सीट गेली. पाय काढल्यावरही येत असेल तर आतली इनलेट सीट.

हँडब्रेक सोडल्यावरच गळते: स्प्रिंगच्या बाजूची लाइन, क्विक रिलीज व्हॉल्व्ह (लाइनमधली हवा पटकन सोडणारा) किंवा बूस्टरचं आतलं सील.

रिले व्हॉल्व्हच्या (पेडलच्या इशाऱ्यावर मागच्या बूस्टरना टाकीतून हवा देणारा) तोंडातून हवा येतेय म्हणून रिले व्हॉल्व्ह बदलला जातो आणि गळती तशीच राहते, हे फार वेळा होतं. याची सोपी परीक्षा आहे. त्या तोंडाशी हात ठेवा आणि सोबत्याला हँडब्रेक लावायला सांगा. हवा थांबली, तर रिले व्हॉल्व्ह चांगला आहे. स्प्रिंगच्या बाजूची हवा बूस्टरच्या आतल्या सीलमधून पेडलच्या बाजूला येऊन रिलेच्या तोंडातून बाहेर पडत होती. हँडब्रेक लावूनही हवा येतच राहिली, तर रिले व्हॉल्व्हची सीट खराब आहे. बूस्टर चारांपैकी कोणता ते पाहायला हँडब्रेक सोडून, पेडल मोकळं ठेवून, प्रत्येक बूस्टरची पेडलकडची लाइन एकेक करून खोला. ज्याच्या तोंडातून हवा येते तो बदला.

आता दोन सर्किटच्या दाबाचे दोन काटे काय सांगतात. प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असा बनवलेला असतो की एक सर्किट फुटलं तरी दुसऱ्यात ठरावीक हवा राहावी. म्हणून आधी दोन्ही काटे सोबत उतरतात, मग एक थांबतो आणि दुसरा शून्याकडे जातो. जो शून्याकडे गेला, गळती त्या सर्किटमध्ये. दोन्ही शून्यावर जात असतील तर प्रोटेक्शन व्हॉल्व्हनेच काम सोडलंय किंवा दोन्हीकडे गळती आहे.

साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारा. नायलॉन पाइप एक्झॉस्टजवळ वितळलेला, कडक झालेला किंवा उंदराने कुरतडलेला असू शकतो. पुश फिटिंगमध्ये पाइप तिरका कापलेला असला की कितीही दाबून बसवला तरी गळतो. काटकोनात कापा, शेवटपर्यंत ढकला आणि एकदा मागे ओढून पाहा.

घोड्याला ट्रेलर जोडलेला असेल तर आधी ट्रेलर वेगळा काढून घोडा एकटा तपासा. लाल कपलिंग पुरवठ्याचं, पिवळं कंट्रोलचं. ट्रेलर सोडल्यावर हवा टिकली तर कपलिंगचे रबरी वॉशर आणि ट्रेलरच्या लाइन पाहा.

गळती नसतानाही दोन-तीन वेळा पेडल मारल्यावर दिवा लागत असेल तर टाक्यांचे ड्रेन ओढा. टाकीत पाणी साठलं की हवेला जागा उरत नाही. मीटर पूर्ण दाब दाखवतो, पण साठा थोडाच असतो. पावसाळ्यात ड्रेन रोज ओढायचा. दुसरं कारण म्हणजे बूस्टरचा दांडा आणि ब्रेक जोडणारे, ढिले झालेले स्लॅक अ‍ॅडजस्टर: बूस्टरचा दांडा जितका लांब बाहेर येतो तितकी जास्त हवा दर दाबाला खर्च होते. ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर असूनही दांडा लांब येत असेल तर तो हाताने आवळून पुढे जाऊ नका. अ‍ॅडजस्टर, त्याचा बुश किंवा लाइनर यांतलं काहीतरी संपलंय.

७. पार्किंगचा दिवा विझत नाही

हँडब्रेक सोडलाय, पी चालूच. टाकीत हवा पूर्ण आहे का ते आधी पाहा. स्प्रिंग मागे ढकलायला साधारण ५ ते ६ बार लागतात. हवा पुरेशी असेल तर हँडब्रेक व्हॉल्व्हनंतरच्या लाइनवर गेज लावा. तिथे दाब आहे आणि दिवा चालू, तर स्विच किंवा वायर, पायरी ४ प्रमाणेच. तिथे दाब नाही, तर हँडब्रेक व्हॉल्व्ह किंवा चिमटलेला पाइप, आणि ब्रेक खरोखर लागलेले आहेत. अशी गाडी ओढत नेऊ नका, ड्रमला हात न लावताही जळका वास येईल.

८. पिवळा एबीएस दिवा

साधा ब्रेक चालू असतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण नसतं. आधी फ्यूज, मग स्कॅनर. स्कॅनरवरच्या फॉल्ट कोडने चाक सांगितलं की त्या चाकाचा सेन्सर मोजा: कॉइलचा रेझिस्टन्स बहुतेकदा १ ते २ किलोओहम. चाक उचलून हाताने दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने फिरवा, किमान ०.२ व्होल्ट एसी मिळायला हवेत. न मिळाल्यास सेन्सर दात असलेल्या रिंगपासून मागे सरकलाय. अंतर ०.७ मिमीच्या वर नको. सेन्सर हाताने रिंगला टेकेपर्यंत ढकला, हातोडी मारू नका, चाक फिरलं की तो स्वतःच योग्य जागा घेतो. पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे किंवा सेन्सर धरणारा बुश सैल झालाय. बेअरिंग किंवा ड्रमचं काम झाल्यानंतर लगेच हा दिवा लागला असेल तर रिंग वाकली किंवा तिचे दात तुटले का ते पाहा.

दुरुस्तीनंतर उभ्या गाडीत दिवा विझला नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत थोडा वेग घेतल्यावरच तो विझतो.

९. छोटा हत्ती, पिकअप वगैरे

इथे लाल दिव्याची कारणं मोजकी: हँडब्रेकचा स्विच न सुटणं, ब्रेक ऑइल कमी होणं आणि काही गाड्यांत व्हॅक्यूम न बनणं. ऑइल खाली गेलं म्हणून फक्त भरून मोकळे होऊ नका. ते एक तर चाकाच्या सिलिंडरमधून गळलंय किंवा पॅड-लाइनर झिजलेत. झाकणावर लिहिलेल्या डॉट ग्रेडचंच ऑइल घाला. इंजिन किंवा स्टिअरिंगचं तेल चुकून पडलं तर रबरी सील फुगतात आणि पूर्ण सिस्टिम उघडावी लागते.

१०. गाडी सोडण्याआधी

दिवा विझला एवढ्यावर काम संपत नाही, तो गरजेला लागतो का हे पाहायचं राहिलेलं असतं. ओट लावलेले, इंजिन बंद, की ऑन. पेडल मारत हवा उतरवत जा आणि गेजवर पाहा: कोणत्या आकड्याला दिवा आणि बझर लागले? तो आकडा मॅन्युअलशी जुळायला हवा. बझरची वायर कुणी आधी कापून ठेवलेली असेल तर ती इथे उघडी पडते. ती जोडल्याशिवाय गाडी ड्रायव्हरच्या हाती देऊ नका.

रिलीज बोल्ट वापरला असेल तर तो पूर्ण सोडून जागेवर ठेवला का, हे दोनदा पाहा. तो आवळलेला राहिला तर त्या चाकाला पार्किंग ब्रेक नसतो. मग पुन्हा कटऑफपर्यंत हवा भरून पाच मिनिटांची चाचणी घ्या आणि कटऑफचा आकडा, उतार, दिवा लागण्याचा आकडा तारखेसकट सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लिहा. पुढच्या वेळी तोच दिवा लागला तर तुलनेला हे तीन आकडे हाताशी असतील.